बत्ताशाचं पाणी

आमच्या गल्लीतल्या टिपाडांना कुलपं लागली की उन्हाळा खरा, त्यासाठी लातूरकराला पंचांग उघडावं लागत नाही. टिपाड म्हणजे दारापुढचं ते निळं प्लॅस्टिकचं पिंप. यंदा होळी झाली आणि आठ दिवसांत समोरच्या टिपाडाला साखळी दिसली, मग त्याच्या शेजारच्या. शेजाऱ्याचं कुलूप बघितलं की भल्या माणसालाही आपण एक घ्यावं असं वाटायला लागतं, आणि मी काही फार भला माणूस नाही. हार्डवेअरच्या दुकानातून मीही एक कुलूप घेतलं. ते खिशात टाकून घराकडे चालताना मला बत्तासा आठवला.

बत्तासा आमच्या घरी आठ महिने राहिला. तो अ‍ॅक्सोलॉटल होता. हे नाव मला नीट म्हणता यायलाच पंधरा दिवस लागले. बेडकाच्या भाऊबंदांतला, पण पाण्यातच जन्म काढणारा. वीतभर लांब, पांढरा, थोडा गुलाबी, चार बारके पाय, आणि मानेच्या दोन्ही बाजूंना लाल पिसांसारखे तुरे. हे तुरे म्हणजे त्याचे कल्ले. तोंड असं की सदा हसतोय असं वाटावं. मुलगी, शिवानी, पुण्याला पहिल्या वर्षाला होती. मैत्रिणीकडून तिनं तो घेतला, होस्टेलवाल्यांनी ठेवू दिला नाही, म्हणून दिवाळीला घरी घेऊन आली. "पप्पा, माझी परीक्षा होईपर्यंत सांभाळा. मग मी खोली करून घेऊन जाते," असं म्हणाली. आणि जाताना, बसमध्ये चढल्यावर, खिडकीतून पुन्हा एकदा म्हणाली, "तुम्ही आहात म्हणून ठेवतेय हं."

या एका वाक्यानं मी बांधला गेलो. पोरीनं यापूर्वी माझ्यावर विश्वास टाकून काही सोपवलं होतं असं मला आठवत नाही.

मला मात्र पहिल्या दिवसापासून त्या हसण्याचा संशय होता. सदा हसणारा माणूस बाजारात दिसला तर मी दोन पावलं मागे सरकतो. माझं बारदानाचं दुकान आहे. बारदान म्हणजे रिकामी पोती. अडतीवर, डाळ मिलला लागतात तेवढी आम्ही पुरवतो. या धंद्यात पोतं सरळ बघायचं नसतं, उलटं करून उन्हाकडे धरायचं असतं, म्हणजे भोकं दिसतात. माझे वडील पोतंच काय, माणूसही तसाच बघायचे. लातूर उस्मानाबादेतून निघून वेगळा जिल्हा झाला तेव्हा मी शाळेत होतो. गावभर गुलाल उडाला, आम्ही पोरं नाचून लाल झालो. मास्तर म्हणाले, आता कलेक्टर इथं, कचेऱ्या इथं, नळाला पाणी इथं. घरी येऊन मी हे वडिलांना सांगितलं. ते पोती मोजत होते. मान वर न करता म्हणाले, "बघू." मला राग आला होता. पुढं तेच 'बघू' माझ्या तोंडात येऊन बसलं, आणि आजतागायत आहे.

बत्ताशाला लागायचं थंड, स्वच्छ, औषध न घातलेलं पाणी. आणि त्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं.

तो उन्हाळा ज्यांनी काढला त्यांना सांगायला नको. नळ आधी आठवड्यानं, मग पंधरा दिवसांनी, मग फक्त भिंतीवर. टँकर आला की गल्ली भांड्यांनी भरून जायची. कुणी कुणाशी भांडत नव्हतं असं नाही, पण भांडण परवडलं. नजर वाईट होती. सगळेच सगळ्यांकडे बघत होते. कोपऱ्यावरच्या घरात एक चादर धुऊन वाळत पडली तर दुपारपर्यंत गल्लीला त्या चादरीची लांबीरुंदी पाठ. कुणाची बाई ओले केस घेऊन दारात आली तर चार दारांतून चार चेहरे. आणि अशा गल्लीत माझ्या पुढच्या खोलीत काचेच्या पेटीत चाळीस लिटर पाणी भरलेलं, आणि त्यात एक प्राणी हसत बसलेला.

मी पेटी लपवली. दुकानातली जुनी पोती आणली, ओली केली आणि पेटीभोवती गुंडाळली. पाणी थंड राहायचं ते त्यानंच. पण पेटीत हवा सोडणारी एक बारीक मोटर होती, ती दिवसभर घूं करायची. गल्लीत बातमी फुटली की वाण्याच्या, म्हणजे माझ्या, घरात चोरून बोअर चालतो. एका बाईनं तर आमच्या उंबऱ्याखालून पाण्याचा ओघळ आलेला बघितला होता. तो पोत्याचा होता. पण मी खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? लोक पाण्यासाठी तडफडून राहिलेत आणि वाणी पाल पाळतोय, हे बोअरपेक्षा वाईट दिसलं असतं.

माझ्या बाजूनं एकच माणूस बोलला. शेजारचे गंगाधरमामा. एस.टी.त कंडक्टर होते, रिटायर होऊन चार वर्षं झाली होती. मूळचे मुखेडकडचे. "बोअर असता तर वाण्यानं इकलं असतं पानी," असं त्यांनी गल्लीला सांगितलं, आणि गल्लीला ते पटलं. मग आत येऊन पोतं बाजूला सारून त्यांनी बत्ताशाला बघितलं. बराच वेळ बघितलं.

"हे काय खातंय, आप्पा?"

"गांडुळं."

मामा माझ्या गळ्यातल्या लिंगाकडे बघून हसले. हसण्यासारखंच होतं. आमच्या घरात कधी अंडं आलेलं नाही, आणि मी बाजारात गांडूळखत करणाऱ्या शेतकऱ्याला गाठून डब्यात गांडुळं घेऊन येत होतो. सुनंदा, माझी बायको, त्या डब्याकडे पाठ करून बसायची. पण डबा उन्हात राहिला तर उचलून सावलीत तीच ठेवायची, हे मी दोनदा पकडलं होतं.

"टँकरच्या पान्यात पावडर राहती," मामा म्हणाले. "ह्याला न्हाई चालायचं. आमच्या गावाकडल्या आडाला आजून पानी हाय. पुतन्या एस.टी.त कॅन टाकून देतो एक दिवसाआड. त्यातलं देतो म्या ह्याला."

मी "कशाला, मामा" म्हणालो, पण तोंडदेखलंच. मनात मात्र पहिला विचार हा आला की याला यातून काय पाहिजे. तेव्हा नव्या जिल्ह्याची हवा होती. उदगीर जिल्हा होणार, मुखेडकडची गावं त्याला जोडणार, अशी दर आठवड्याला बातमी उठायची आणि दर आठवड्याला बसायची. मामाचा भाऊ गावात पुढारपण करायचा, जिल्हा झालाच पाहिजे म्हणून सह्या गोळा करत होता. मला वाटलं, सही मागतील. नाहीतर बारदान उधार मागतील. मामांनी दोन्हीतलं काहीच मागितलं नाही. तेव्हा मला आणखीच संशय आला.

पाणी मात्र गार होतं. कॅनचं झाकण उघडलं की मातीचा वास यायचा. तळाशी थोडा गाळ, जरासं मळकट. पेटीत ते पाणी टाकायला लागलो आणि पाचव्या-सहाव्या दिवशी बत्ताशानं खाणं सोडलं.

आधी वाटलं, उन्हानं असेल. मग त्याचे तुरे पुढं वळले, कानावर हात ठेवल्यासारखे. शेपटीचं टोक आकड्यासारखं वाकलं. मग एका तुऱ्यावर कापसासारखं पांढरं धरलं. तोंड तेवढं तसंच हसरं, आणि तेच बघवेना. मी जनावरांच्या डॉक्टरांना घरी घेऊन आलो. त्यांनी चष्मा पुसून पुसून बघितलं आणि म्हणाले, "आप्पा, म्हैस असती तर मी आत्ता उठवून उभी केली असती. ह्याचं डोकं कुठं अन् दुखतंय कुठं, मला काय कळंना." फी घेतली नाही. जाताना माझ्याकडे मात्र म्हशीच्या मालकाकडे बघावं तसं काळजीनं बघून गेले.

तिकडे शिवानीची परीक्षा सुरू झाली होती. रोज संध्याकाळी फोन. "बत्तासा कसा आहे?" "मजेत." "खातो ना?" "खातो की." खोटं बोलताना मी त्या पेटीकडे पाठ करायचो. माझ्या मनात एकच होतं, ही पोर पेपर संपवून दारात येईल तेव्हा हे जनावर जिवंत पाहिजे. मेलं तर ती मला काही बोलणार नाही. फक्त पुन्हा कधी काही सोपवणार नाही, आणि ते मला आयुष्यभर कळत राहील.

मग मी शोधायला लागलो, कुणी केलं. होय, 'काय झालं' हा प्रश्न मला पडलाच नाही, 'कुणी केलं' हाच पडला. गांडूळवाल्यानं फवारणीच्या रानातली गांडुळं दिली असतील. समोरच्या बाईनं खिडकीतून काही टाकलं असेल. सुनंदावरसुद्धा एक दुपार संशय घेतला, हे तिला अजून माहीत नाही, आता वाचेल. आणि मग सगळं फिरून एका जागी आलं. पाणी. आडाचं पाणी चालू झालं आणि हे आजारी पडलं. एवढं सरळ असताना मी इतके दिवस काय बघत होतो? त्या आडात औषधाचा डबा धुतला असेल. नाहीतर मामांनीच, कुणाला कळतंय म्हणून, टँकरचं पाणी कॅनमध्ये भरून आडाचं म्हणून दिलं असेल आणि आडाचं स्वतः पीत असतील. हे शेवटचं मला फारच पटलं. मी असतो तर हेच केलं असतं.

दुसऱ्या दिवशी टँकरपाशी मामा रांगेत होते. सगळी गल्ली होती. घरी जाऊन विचारता आलं असतं, पण माझा तोल गेला होता.

"मामा, तुमच्या पाण्यात काय होतं?"

"आँ?"

"पाण्यात काय घालता म्हटलं. जनावर मरायला टेकलंय माझं."

कुणीतरी म्हणालं, कसलं जनावर? मामा माझ्याकडे बघत राहिले. चिडले असते तर बरं झालं असतं. कंडक्टर माणूस, आयुष्यभर लोकांनी 'सुटे परत दिले नाहीत' म्हणून भर गाडीत आरडाओरडा केलेला ऐकलेला. तो कधी चिडत नसेल बहुतेक. ते रांगेतून निघाले, घरात गेले, कॅन आणि तांब्या घेऊन आले. तांब्या भरला आणि ओठाला न लावता, वरून, सगळा पिऊन टाकला. मग तोंड पुसलं.

"बगा," म्हणाले. "उद्याच्याला मेलो तर पानी वाईट व्हतं."

गल्ली हसली. मामा हसले नाहीत. रांगेतला त्यांचा नंबर गेला होता, ते मागं जाऊन उभे राहिले.

त्याच दुपारी मी पुण्याच्या त्या दुकानदाराला फोन लावला, ज्याच्याकडे असले प्राणी मिळतात. तो शांतपणे एकेक विचारत गेला. पाणी किती थंड, किती दिवसांनी बदलता, खायला काय. "पाण्यात काय घालता?" "काही नाही." "मीठ, औषध?" "काही नाही हो." "नीट आठवा. काहीही?" मी आवाज चढवून म्हणालो, "एक थेंबसुद्धा नाही, पाणी विहिरीचं आहे." सुनंदा ज्वारी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, तुरटी न्हाई का फिरवत तुम्ही त्यात?"

मी फोन कानाला लावून तसाच उभा राहिलो.

फिरवत होतो. कॅन आला की बादलीत ओतायचा, पाणी जरा मळकट दिसायचं, आणि कोनाड्यातला तुरटीचा खडा घेऊन चार वेढे द्यायचे. गाळ खाली बसतो, वरचं पाणी नितळ होतं. आमच्याकडे पाणी भरणारा प्रत्येक हात हे करतो. माझी आई करायची. तुरटी फिरवणं म्हणजे पाण्यात काही घालणं, हे मला जन्मात कधी वाटलं नव्हतं. चहात साखर घालतात, पाण्यात तुरटी फिरवतात. मामांचं पाणी मला मळकट दिसलं म्हणून मी ते माझ्या हातानं शुद्ध केलं होतं, दर खेपेला, आणि घरातल्या माणसांच्या पाण्याला असतो त्यापेक्षा चांगला खडा वापरला होता, कारण पोरीचं जनावर होतं.

"तुरटी?" पलीकडून दुकानदार म्हणाला. "त्याची कातडी जळते हो त्यानं. आजपासून बंद करा."

त्यानं सांगितलं तसं केलं. बत्ताशाला एका झाकणाच्या डब्यात घातलं आणि डबा फ्रिजमध्ये ठेवला. थंडीत पांढरं वाढत नाही, म्हणाला. दूध, कोथिंबीर, देवाची फुलं आणि खालच्या कप्प्यात हसणारा बत्तासा. सुनंदानं फुलं वरच्या कप्प्यात हलवली, एवढंच. डब्यातलं पाणी रोज बदलायचं होतं, आणि पाणी आडाचंच पाहिजे होतं.

मी मागायला कसा जाणार? पण दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. मामा कॅन घेऊन उभे. तांब्यात थोडं ओतलं, वरून प्यायले, आणि कॅन उंबऱ्याच्या आत ठेवला. एक दिवसाआड, तीन आठवडे, असंच. मी दार उघडायचो, ते आधी प्यायचे, मग द्यायचे. मी रोज ठरवायचो की आज सांगू. दारात उभं राहून 'मामा, चूक माझी होती' एवढंच तर म्हणायचं. आणि मी कॅन उचलून आत यायचो.

पांढरं गेलं. शेपूट सरळ झाली, तसा त्याला परत पेटीत सोडला. एका बाजूचा तुरा झडून गेला होता, तो पुन्हा फुटायला लागला. आधी नुसता एक लाल ठिपका, मग बारीक पिसं. ज्या दिवशी त्यानं माझ्या चिमट्यातून गांडूळ ओढून घेतलं त्या दिवशी मी सुनंदाला हाक मारली आणि आम्ही दोघं त्या काचेपाशी बसून रडलो. गांडूळ खाणाऱ्यासाठी.

शिवानी आली, तिनं काचेला नाक लावलं आणि म्हणाली, "पप्पा, हा तर जाड झालाय." पावसाळ्यात घेऊन गेली. पुण्याला तो पुढं काही वर्षं जगला, म्हातारा होऊन मेला. माझ्यावर तिनं त्यानंतर पुष्कळ काही सोपवलं. आजाराचं सगळं मी तिला नंतर सांगितलं, तुरटीसुद्धा सांगितली. टँकरपाशी मामांना काय बोललो, ते सांगितलं नाही.

आणि मामांना काहीच सांगितलं नाही. पाऊस आला, टिपाडांची कुलपं निघाली. जिल्हा झाला नाही, त्याची बातमी अजूनही उठते आणि बसते. मामांशी बोलणं बंद झालं असंही नाही. सणावाराला ताटं इकडून तिकडं जातात. फक्त आमच्या घरातलं कुणी त्यांच्याकडे गेलं की मामा पाणी देताना आधी तांब्यातून एक घोट वरून पितात, मग देतात. दहा वर्षं. सुनंदाला सवय झाली आहे, मला झाली नाही.

यंदा शिवानी चार दिवस आली होती. मी कुलूप घेऊन घरी आलो त्याच दिवशी मामांकडे जाऊन आली आणि म्हणाली, "पप्पा, मामा पाणी देताना आधी स्वतः का पितात?"

"वय झालंय त्यांचं," मी म्हणालो.

बोललो आणि माझंच मला ऐकू आलं. एवढ्या वर्षांत गल्लीभर, घरभर संशय घेऊन झाला; ज्याच्यावर घ्यायला पाहिजे होता तो रोज दाढी करताना समोर होता.

त्याच संध्याकाळी गेलो, खिशात ते नवीन कुलूप तसंच. मामा ओट्यावर बसले होते. आता हात कापतात, कमी ऐकू येतं. मामी आत कणीक मळत होती. मी सगळं सांगितलं, मोठ्यानं सांगावं लागलं, तुरटी हा शब्द तर दोनदा. समोरच्या ओट्यावरही ऐकू गेलं असेल, तर बरंच झालं. बोललो होतो तेही सगळ्यांपुढंच.

मामा म्हणाले, "ठाव हाय मला."

"कधीपासून?"

"तुमच्या घरच्यांनी त्याच सांजंला हिला सांगितलं व्हतं." आतल्या मामीकडे हात केला. "तुम्हाला सांगू नगा म्हनल्या. तुम्ही सोता येऊन बोलावं म्हनून."

आतून मामी म्हणाली, "एकच कॅन यायचा तवा. आम्ही टँकरचं प्यायचो. ह्यांनी तुमच्या दारात जो घोट घेतला ना आप्पा, तेवढंच ह्यांच्या तोंडात गावचं पानी जायाचं."

मामांनी शेजारचा तांब्या उचलला. थोडं सांडलं. या खेपेला त्यांनी घोट घेतला नाही, तसाच भरलेला माझ्यापुढं धरला.

मी तो दोन्ही हातांनी घेतला. आणि ओठापाशी नेता नेता, देवाशपथ सांगतो, माझ्या मनात काही नसताना, माझी नजर तळाशी गेली.

मामा बघत होते. त्यांनी तांब्या माझ्या हातातून परत घेतला, मान वर करून एक घोट प्यायले आणि पुन्हा माझ्या हातात दिला.